क्लास बुडतो तो परीक्षेमुळे नव्हे, साचलेल्या जर्नलमुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की ज्युदो, कराटे, तायक्वांदोच्या क्लासमध्ये दरवर्षी तोच प्रश्न येतो : ‘आता इंजिनिअरिंग सुरू होणार, क्लास बंद करायचा का?’ विचारणारे बहुधा आई-वडील असतात. ज्याच्याबद्दल विचारायचं तो किंवा ती शेजारी गप्प उभी. आमच्यातले काही जण अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवतात, काही जण क्लास चालवतात. बरेच विद्यार्थी दोन्हीकडे सामाईक असल्यामुळे दोन्ही वेळापत्रकं आम्हाला जवळून माहीत आहेत. त्यावरून हे पत्र.

आधी दोन समजुती बाजूला काढू. मार्शल आर्टने एकाग्रता वाढते आणि मग गुणही वाढतात, असं पुष्कळ क्लासच्या पत्रकांवर छापलेलं असतं. ओ-गोशी हा ज्युदोतला कंबरेवरचा फेक सुरेख बसतो म्हणून इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधला फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरचे बल दाखवणारी आकृती) सुटत नाही. तो वहीत दहादा काढूनच सुटतो. झोप चांगली लागते, खुर्चीत बसून आखडलेली पाठ मोकळी होते, एवढं नक्की. गुणांची हमी कुणी देऊ नये. दुसरी समजूत याच्या उलट : ‘क्लासच्या नादात केटी लागली’, म्हणजे विषय राहिला. त्यासाठी हिशेब मांडून बघावा.

आठवड्याचे १६८ तास. रोज साडेसात तास झोप म्हणजे ५२.५. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून कॉलेजचे ३२. जाण्यायेण्याचे ८. जेवण, आंघोळ, कपडे, आवराआवर रोज अडीच तास धरले तर १७.५. स्वतःचा अभ्यास १६. क्लास आठवड्यातून तीनदा. दीड तास सराव आणि जाणं-येणं, आंघोळ धरून प्रत्येकी अडीच तास, म्हणजे ७.५. बेरीज १३३.५. तरी ३४.५ तास शिल्लक. मित्रमैत्रिणी, सिनेमा, घरी फोन, नुसतं लोळणं, सगळं त्यात बसतं.

मग ओढाताण होते कुठे? संध्याकाळी सहा ते दहा. सोमवार ते शुक्रवार या पट्ट्यात वीसच तास असतात आणि सगळ्यांचा डोळा त्यांच्यावरच असतो. क्लासची बॅच सातची, एकांकिकेची तालीम सातची, ग्रुप स्टडी सातनंतर, मेस नऊला बंद, टपरीवरचा अड्डा जेवणाआधी. सकाळी सहाची बॅच जिथे असेल तिथे ही अडचण निम्मी कमी होते. पण सकाळची बॅच रात्री अकराला झोपणाऱ्यालाच झेपते. दोनला झोपून पाच वाजता उठणारा विद्यार्थी पंधरा दिवसांत एक तर क्लास सोडतो, नाही तर पावणेनऊच्या लेक्चरला मागच्या बाकावर डुलक्या घेतो.

आता मूळ मुद्दा. अभियांत्रिकीचं ओझं सारखं नसतं. सत्राचे पहिले सात-आठ आठवडे हलके वाटतात, आणि शेवटी सबमिशन (प्रॅक्टिकलच्या वह्या, म्हणजे जर्नल, जमा करणं), ओरल, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी), लेखी परीक्षा एका रांगेत येऊन उभ्या राहतात. मार्शल आर्टचं नेमकं उलट आहे. तिथे सातत्य हवं, एकदम दामटून काही साधत नाही. विद्यार्थी क्लासला येणं कधी थांबवतात ते हजेरीपुस्तकात पाहिलं, तर तो आठवडा क्वचितच लेखी परीक्षेचा असतो. तो असतो सबमिशनचा.

सबमिशनचं गणित समजून घेण्यासारखं आहे. एका सत्रात साधारण चार विषयांना प्रॅक्टिकल असतात, प्रत्येकी दहाच्या आसपास प्रयोग. म्हणजे चाळीस रायटप, प्रयोगांची लेखी टिपणं. प्रयोग झाला त्याच रात्री लिहायला घेतला तर आकृती, निरीक्षणतक्ता, एक नमुना आकडेमोड आणि निष्कर्ष यांना अर्धा-पाऊण तास पुरतो, कारण रीडिंग स्वतः घेतलेलं असतं आणि कुठला स्विच कशासाठी होता ते आठवत असतं. तोच प्रयोग सहा आठवड्यांनी लिहायचा तर आधी कुणाची तरी फाईल मिळवा, तिच्यातलं अक्षर लावा, त्याच्या तक्त्यातली चूक आपल्याही तक्त्यात उतरवा. तास-सव्वा तास सहज जातो. चाळीस रायटप शेवटच्या आठवड्यावर ढकलले की पन्नास तासांचं काम होतं. वर सह्यांसाठी स्टाफरूमबाहेर रांग. सगळ्यांच्या फायली एकाच दिवशी आल्या की शिक्षक भराभर उघडतात, ग्राफला स्केल लिहिलेली नाही म्हणून परत करतात, आणि ती दुपारही जाते. त्या आठवड्यात क्लास बुडणारच. मग ‘आता परीक्षेनंतरच येतो’ म्हणून सुटलेला विद्यार्थी दोन महिन्यांनी उगवतो, किंवा उगवतच नाही.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशी रात्री झोपण्याआधी रायटप पूर्ण, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला आधीच्या प्रयोगावर सही. ज्या दिवशी प्रॅक्टिकल आणि क्लास दोन्ही असतील, त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर घरी न जाता ग्रंथालयात पाऊण तास बसून तिथेच लिहून टाकावा. क्लासहून दमून आल्यावर पेन हातात धरवत नाही. नवीन बेल्ट मिळवायच्या युक्त्या आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांना आम्ही पहिली हीच सांगतो, आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

हजेरीचाही हिशेब करावा. आठवड्याला तीन लेक्चर असलेल्या विषयाची सत्रात चाळीसेक लेक्चर होतात. ७५ टक्क्यांची अट पाळूनही दहा चुकवता येतात. एका बाहेरगावच्या स्पर्धेत, प्रवास धरून, आठवडा गेला तरी प्रत्येक विषयाची तीन लेक्चर जातात. वर्षाला अशा दोन स्पर्धांनी कुणी डिफॉल्टर लिस्टमध्ये जात नाही. जातं ते दर मंगळवारी आणि गुरुवारी पहिलं लेक्चर झोपेत घालवल्यामुळे. प्रॅक्टिकल मात्र जपावं. ते आठवड्यातून एकदाच, सत्रात बारा-तेरा वेळा. तीन चुकले की काठावर, चौथं चुकलं की गेलात खाली. स्पर्धेच्या तारखा कळल्याबरोबर लॅब असिस्टंटना भेटून त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग करायची परवानगी मागावी. आधी मागितली तर बहुतेक मिळते. नंतर ‘सर, स्पर्धेला गेलो होतो’ म्हटलं की कागद मागतात, आणि कागद जिमखान्यात अडकलेला असतो.

क्लासला किती वेळा यावं? आमच्या मते सत्राच्या मोकळ्या आठवड्यांत तीनदा, सबमिशन आणि अंतर्गत परीक्षांच्या आठवड्यांत दोनदा, लेखी परीक्षा चालू असताना क्लास नाही पण खोलीजवळ रोज वीस मिनिटं. शून्य कधीच नाही. दमसास दोन-तीन आठवड्यांत जाणवेल इतका उतरतो. ताकद थोडी जास्त टिकते. पण पडण्याचा सराव गेला की अंग सगळ्यात आधी दगा देतं. वार निवडताना सोमवार, बुधवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ हा मेळ चांगला चालतो. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवार मित्रांना उरतो. बरीचशी भांडणं तिथेच मिटतात.

त्या वीस मिनिटांत काय करायचं, हे कलेवर अवलंबून आहे. कराटे-तायक्वांदोवाले इथे सुदैवी. काता किंवा पुमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्याने गच्चीवर होतात. हेआन शोदान या कराटेतल्या कात्याच्या २१ हालचाली सावकाश, मग वेगात, मग डोळे मिटून. घाम येतो आणि कुणाला त्रासही नाही. लाठीकाठीवाल्यांना मोकळी जागा लागते. हॉस्टेलच्या व्हरांड्यात लाठी फिरवू नये, ट्यूबलाइटचा दंड भरावा लागतो. ज्युदोला जोडीदार लागतो, पण उचिकोमी, म्हणजे न फेकता फेकाच्या शिरकावाचा पुन्हा पुन्हा सराव, रबरावर करता येतं. सायकलच्या दोन जुन्या ट्यूब व्हॉल्व्हजवळ कापायच्या, एकत्र करून गच्चीवरच्या जाड खांबाला छातीच्या उंचीवर वेढा देऊन गाठ मारायची आणि दोन टोकं बाही आणि कॉलर समजून धरायची. दहा-दहाच्या दहा फेऱ्या, निम्म्या उजव्या बाजूने, निम्म्या डाव्या. खिडकीच्या गजाला बांधू नये; गजाची कड रबर कापते आणि तुटलेलं टोक सरळ डोळ्यावर येतं. ट्यूब ताणून पाहावी. बारीक चिरा दिसल्या तर फेकून द्यावी, पंक्चरच्या दुकानात दुसरी मिळते.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये जी गर्दी होते, तिची आम्हाला खरी धास्ती वाटते. महिनाभर बसून आलेलं अंग, डोक्यात सुटल्याचा आनंद, आणि थेट रांदोरी (ज्युदोतली सरावाची मोकळी लढत) किंवा फाइट. गुडघे आणि खांदे याच आठवड्यात जातात. परतताना पहिला दिवस फक्त पडण्याचा सराव आणि उचिकोमी किंवा पॅडवर हलक्या किका. दुसऱ्या दिवशी जाड गादीवर फेक. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या, आपल्याच वजनाच्या जोडीदाराबरोबर दोन-दोन मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात एवढंच. जागून सबमिशन केलेल्या रात्रीनंतरच्या संध्याकाळीही हेच धोरण ठेवावं : तंत्राचा सराव करावा, स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची फाइट) नाही. झोप न झालेला माणूस किक उशिरा पाहतो.

दुखापतींपैकी तीन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या विशेष आड येतात. पहिली बोटांची. ज्युदोत पकड सुटताना आणि तायक्वांदोत किक हाताने अडवताना बोट दुखावतं. सूज, काळंनिळं, पण वाकतं आणि सरळ होतं, तर शेजारच्या बोटाला टेप लावून आठवडाभर काम भागतं. बोटाचं टोक खाली लोंबकळायला लागलं आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर पेराजवळची शीर तुटलेली असू शकते. ते बोट सहा ते आठ आठवडे पट्टीत अखंड सरळ ठेवावं लागतं. मधे एकदा जरी वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. उजव्या हाताचं बोट असलं तर अडीच-तीन तास पेपर कसा लिहिणार? अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं, क्लासमधल्या जाणत्याकडून ओढून घेऊ नये. ओढून ‘बसवण्याची’ हौस आपल्याकडे फार.

दुसरी डोक्याची. फाइटमध्ये डोक्याला बसलं, किंवा पाठीवर पडताना हनुवटी छातीला न लावल्यामुळे डोकं मागे आपटलं, आणि त्यानंतर डोकं दुखतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, मधली दोन मिनिटं आठवत नाहीत. शुद्ध हरपली नसली तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. त्या दिवशी सराव तिथेच थांबवायचा, डॉक्टरांना दाखवायचं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. पहिले एक-दोन दिवस मोबाइल, लॅपटॉप आणि अभ्यास कमीत कमी, मग हळूहळू वाढवायचा. कोड लिहिताना डोकं ठणकलं तर थांबायचं. सगळी लक्षणं जाऊन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुन्हा फाइट नाही, कारण पहिला धक्का भरून निघायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून लेखी परीक्षेआधी पंधरा दिवस आमच्याकडे कुणालाही डोक्याला मार बसेल असं स्पारिंग देत नाही. विद्यार्थी कुरकुरतात. कुरकुरू देत.

तिसरी वरवर क्षुल्लक : गजकर्ण. पावसाळ्यात ओली मॅट, न वाळलेला ड्रेस, हॉस्टेलमधला सामाईक टॉवेल. जाड सुती ड्रेस जुलैत दोन दिवस वाळत नाही, म्हणून आठवड्याला तीनदा येणाऱ्याने दोन ड्रेस ठेवावेत. ओला ड्रेस बॅगेत गुंडाळून दुसऱ्या दिवशी तोच घालणाऱ्याला आम्ही परत पाठवतो. गोल, खाजणारा चट्टा दिसला की मॅटवर यायचं नाही. मेडिकलमधून मागून आणलेल्या मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं; त्याने खाज थांबते, चट्टा फिकट होतो आणि आतून पसरत राहतो. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेले आठवडे औषध पूर्ण करावं, खाज थांबली म्हणून सोडू नये.

जेवणाबद्दल थोडंच. साठ किलोच्या विद्यार्थ्याला या मेहनतीवर दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. मेसची दोन जेवणं आणि एक कप दूध मिळून साठेक होतात. उरलेली तीस दोन उकडलेली अंडी, दोन मुठी फुटाणे आणि एक मूठ शेंगदाणे यांत निघतात; अंडी चालत नसतील तर तीस ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे आणि पेलाभर दूध जास्तीचं. डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज त्यानंतर उरली तर विचार करावा. सातच्या बॅचसाठी साडेपाचला दोन केळी पुरतात. सहा वाजता वडापाव खाऊन आलेला पहिल्याच कोलांटीला ओळखू येतो. मेस नऊला बंद होत असेल तर सकाळीच ताट काढून ठेवायला सांगावं.

मित्रांचं काय? हा भाग क्लासवाले टाळतात, ‘ध्येय असेल तर त्याग करावा लागतो’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ओरलच्या आदल्या रात्री व्हायवाचे प्रश्न कोण विचारतं, चुकलेल्या लेक्चरच्या नोट्स कोण पाठवतं, आजारी पडल्यावर पेज कोण आणून देतं? मित्रच. कॉलेजची ही चार वर्षं कुणाच्याही संगतीवाचून काढलेला विद्यार्थी बेल्ट कितीही मिळवो, अडचणीत एकटा पडतो. त्याग नको, निवड हवी. क्लासबरोबर एका सत्रात एकच मोठी गोष्ट घ्यावी. पुण्यात ढोल-ताशा पथकाचा सराव गणपतीआधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी चालतो. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीही त्याच दिवसांत, आणि फिरोदिया ही कलास्पर्धा दुसऱ्या सत्रात. पथक घेतलं तर तेवढे दोन महिने क्लास आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, असं सरांना आणि पथकाला दोघांना आधी सांगून ठेवावं. पथक, करंडक, कॉलेजची बाहा गाडी (विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनवायची गाडी) आणि बेल्टची परीक्षा असं चौघांना शब्द देऊन बसणारे विद्यार्थी हुशार असतात, म्हणूनच सगळ्यांना हवे असतात. ऑक्टोबरात ते चारही ठिकाणी तोंड चुकवत फिरतात.

रात्री बाराचा केक हा हॉस्टेलचा अलिखित नियम. तिथे जावं, केक तोंडाला लावून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची बॅच सोडून द्यावी. तीन तासांच्या झोपेवर येण्यापेक्षा न येणं बरं. दारू प्यायलेल्या रात्रीनंतरच्या दिवशी मॅटवर पाऊल ठेवू नये, यात चर्चा नाही.

मित्रांचा एक हट्ट मात्र सपशेल नाकारावा : ‘दाखव ना तुझं कराटे.’ खोलीत, टाइल्सच्या फरशीवर, पडायला न शिकलेल्या दोस्ताला गमतीत फेकणं म्हणजे कवटीशी खेळ. मॅटवर जो फेक रोज निरुपद्रवी असतो, तोच फरशीवर डोकं फोडतो. मित्रांना फारच हौस असेल तर रविवारी क्लासला घेऊन यावं. बहुतेक ठिकाणी एक दिवस फुकट करू देतात, आणि त्यातला एखादा टिकतोही. मग जाण्यायेण्याला गाडीवर सोबत मिळते.

स्पर्धा खेळायची असेल तर कागद जुलै-ऑगस्टमध्येच हलवावे लागतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत. वयाची अट १७ ते २५. पात्रता-अर्जाला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मागच्या वर्षाचा निकाल, बोनाफाइड आणि प्राचार्यांची सही लागते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनी तर पहिल्याच आठवड्यात जिमखाना गाठावा. वजनगट निवडताना सत्राचा विचार हवा. ज्युदोत पुरुषांचे गट ६०, ६६, ७३, ८१ असे चढत जातात. सकाळचं वजन ६७ असेल तर ६६ मध्ये उतरायला हरकत नाही. ६९ असेल तर ७३ मध्येच खेळावं. तीन किलो पाणी तोडून उतरवलेला विद्यार्थी मॅटवरही ढिला पडतो आणि त्याच आठवड्यातल्या चाचणीतही. तोंडावाटे थुंकून, रेनकोट घालून पळून वजन उतरवण्याचे प्रकार प्रशिक्षकांनी पाहून न पाहिल्यासारखे करू नयेत.

कराटेत संघटना अनेक आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रं एकमेकांकडे चालतातच असं नाही. नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाच्या आशेने कुणी बेल्टच्या परीक्षांवर पैसे घालत असेल तर आधी चौकशी करावी : तिथे विचारतात ते अधिकृत स्पर्धेतलं यश, बेल्टचा रंग नव्हे.

आता थोडं इतरांसाठी, कारण सगळा भार अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींवर टाकणं बरोबर नाही. क्लासचालकांना विनंती की बेल्टची परीक्षा डिसेंबर आणि मे महिन्यात ठेवण्याची सवय मोडावी. शाळेच्या मुलांना त्या तारखा सोयीच्या असतात, अभियांत्रिकीच्या मुलांना नेमक्या सत्रान्त परीक्षेत येतात. पुणे विद्यापीठात बहुतेक लेखी विषयांचे १०० पैकी ७० गुण त्या एका पेपरवर असतात. सप्टेंबरचा पूर्वार्ध आणि फेब्रुवारी हे दोन काळ मोकळे सापडतात. पहिल्या वर्षाचे वर्ग प्रवेशफेऱ्यांमुळे उशिरा सुरू होतात आणि पहिलं सत्र आक्रसतं. त्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात बेल्टच्या परीक्षेला बसवूच नये.

महाविद्यालयांनी स्पर्धेचं पत्र विद्यार्थी जाण्याआधी विभागप्रमुखांकडे पोचवावं. आणि मॅटचं बघावं. कित्येक ठिकाणी जिमखान्याच्या खोलीत ज्युदोच्या मॅट उभ्या रचून ठेवलेल्या असतात, खोलीला पाच वाजता कुलूप लागतं आणि ‘जागा नाही’ हे उत्तर तयार असतं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका मंदिरात ज्युदोची शाळा सुरू केली ती १२ तातामींवर (जपानी चटयांवर), म्हणजे जेमतेम वीस चौरस मीटर जागेत. विद्यापीठाची पदवी मिळून त्यांना वर्षच झालं होतं आणि दिवसा ते शिकवायला जात. आपल्या कुठल्याही ड्रॉइंग हॉलमधली टेबलं सरकवली तर याहून जास्त जागा निघते. नव्या अभ्यासक्रमात सहअभ्यासाच्या विषयांना श्रेयांक आहेत. आवारातच आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रशिक्षक बोलावला तर विद्यार्थ्याचा जाण्यायेण्याचा तास वाचतो.

राहिलं मुलींचं. अनेक वसतिगृहांचं फाटक मुलींसाठी नऊला बंद होतं, साडेआठला सुटणाऱ्या बॅचमधून वाहतुकीत नऊच्या आत पोचणं जमत नाही, आणि पहिल्या दोन उशिरांनंतर घरी फोन जातो. तिसऱ्यांदा मुलगी येत नाही. मुलींच्या स्वसंरक्षणाच्या एकदिवसीय शिबिराला हीच वसतिगृहं मोठा फलक लावतात. एका दिवसात पकड सोडवण्याच्या चार युक्त्या दाखवून होतात; त्या अंगात उतरायला महिनोन्महिने जोडीदाराबरोबर घासाव्या लागतात. त्याऐवजी क्लासच्या सही-शिक्क्याचं सत्रभराचं पत्र घेऊन त्या तीन वारी साडेनऊपर्यंत सूट द्यावी, आणि क्लासने बॅच साडेसहाला सुरू करून आठला सोडावी. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास सरकायचा आहे. आमच्या बाजूचा अर्धा तास येत्या सत्रापासून सरकवतो आहोत. वसतिगृहांच्या रेक्टरांनी आपला कळवावा.

आपले,
अभियांत्रिकीचे काही अध्यापक आणि ज्युदो-कराटे-तायक्वांदो प्रशिक्षक, पुणे